सात सूत

मुकादमने आधी गाडीचं नाही,
माझंच वजन विचारलं.
मग म्हणाला, बाई, गुडघा कुठला?
उजवा, म्हटलं. बदलून दोन वर्षं झाली.
वागळे इस्टेटच्या गाळ्यात शेजारी लेथ चाललेलं,
आणि माझी चौसष्ट सालची फियाट
चाकं काढून चार ठोकळ्यांवर,
तपासणीचा झगा घालून बसवल्यासारखी.

भाचा म्हणाला होता, मोठा बसव, मोठा म्हणजे सेफ.
हृषीकेशला सगळंच मोठं लागतं:
टीव्ही, गणपती, घराचा हप्ता.
म्हणून एक इंची मास्टर सिलिंडर आला
आणि पेडलचा दगड झाला.
उंच, ताठ, खानदानी,
इंचभरसुद्धा लवायचं नाही,
आणि गाडी आपली घोडबंदरला टँकरच्या मागे
निवांत सरकत राहिलेली.
मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून
ब्रेकवर जवळजवळ उभी.

पाणी खात्यात एकतीस वर्षं मी
एकच तक्रार लिहून घेतली: दाब कमी आहे.
कोपरीहून, कळव्याहून, चौथ्या मजल्यावरून.
लिहून घेतली, नंबर दिला, पुढे पाठवली.
दाब म्हणजे काय, हे मला
निवृत्त झाल्यावर कळायचं होतं.

पत्र्यावर मुकादमने खडूने तीन गोल काढले.
तो मिलिमीटर मोजत नाही, सूत मोजतो,
राबोडीत बापाच्या हाताखाली शिकलेलं माप.
सहा सूत, सात सूत, आठ.
सहा सक छत्तीस. साती साती एकोणपन्नास. आठी आठी चौसष्ट.
"पाय तुमचा एकच.
चौसष्टांत वाटला तर एकेकाला किती?
नि छत्तिसांत?"
मग छत्तीसच घाला, मी म्हटलं, हिशेब सरळ आहे.
तो हसला नाही.
"फुकट नाय, बाई.
जोर वाढला तर लांब जावं लागतं."

सहा सूत बसवून पाहिला.
कंपनीचंच माप, पण कंपनीच्या वेळी पुढे ड्रम होते;
मधल्या कुणा मालकाने डिस्क टाकल्या,
आणि त्यांची तहान दांडगी.
पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली,
अजून खाली,
मॅटला टेकायला दोन बोटं राहिली.
मी भराभर चारदा मारलं. तिथंच.
"हवा असती तर पंपाने चढलं असतं," तो म्हणाला,
"तेल पुरत नाय."

राहिला सात सूत, आणि तोच कुठे मिळेना.
कुर्ल्यात नाही. ग्रँट रोडला एक होता, आतून गंजलेला.
अकराव्या दिवशी भिवंडीहून आला,
कुठल्याशा जीपचा,
बोल्टचं एक भोक अर्धा सूत बाहेर.
लेथवाल्या पोराने पट्टी कापून दिली
आणि पैसे घेताना विचारलं,
आजी, ही चालवणार कोण?

सकाळी सहाला येऊरहून उतरताना
मुकादम शेजारी बसला.
त्याच्या बाजूला पेडल नाही,
तरी पहिल्या वळणाला त्याचा उजवा पाय
मॅटवर गच्च रोवलेला.
माझ्या पायाखाली पेडल आधी गेलं,
मग हळूहळू भरत आलं,
कळशी काठाला येताना आवाज बदलते तसं,
आणि तिथून पुढे जेवढं मी म्हणेन तेवढंच.
गुडघ्याने कुरकुर केली नाही.
केली, पण ती नेहमीचीच, जिन्यावरची.

दुसऱ्या वळणाला त्याची टाच उचलली.
तिसऱ्या वळणापुढे रस्त्यात मधोमध कुत्रं.
थांबलो. नाक न खुपसता, सरळ.
कुत्र्याने कान खाजवला, विचार केला,
आणि आलं त्याच बाजूला परत गेलं.

मी मुकादमच्या पायांकडे पाहिलं.
चपला खाली होत्या,
तो सीटवर मांडी घालून बसला होता.
"उपवनला," तो म्हणाला,
"इतक्या सकाळी चहा मिळतो काय?"